ज्या दाराला भीड नव्हती

एकदा एका शिष्येने एक दार बनवले. ते लाकडाचे नव्हते, लोखंडाचेही नव्हते. संगणकात लिहिलेल्या ओळींचे होते. पण दार म्हटले की ते कुणासाठी उघडायचे आणि कुणासाठी नाही, हा प्रश्न आलाच. तो सुताराला चुकत नाही आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही चुकत नाही.

तिचे गुरुजी कृष्णाकाठच्या एका शहरात राहत असत. आयुष्यभर अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसे बाग फुलवतात, सकाळी फिरायला जातात. यांनी घराच्या ओट्यावर फळा टांगला आणि निवडक विद्यार्थ्यांना पुन्हा शिकवायला बसले. फी घेत नसत. मात्र शिक्षण संपले की लोकांच्या उपयोगाचे एक काम पुरे करून दाखवायचे, हा त्यांचा दंडक होता. कुणी गुरुदक्षिणेचा विषय काढला की ते करवादत, "काम दाखव आधी. पाया पडणारे पुष्कळ मिळतात मला."

ऋजुता ही त्यांची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी, आणि आपण लाडक्या आहोत हे तिला पुरते ठाऊक होते. तिने निवडलेले कामही तिच्यासारखेच धीट होते. सासरचा किंवा माहेरचा छळ असह्य होऊन घर सोडून आलेल्या स्त्रियांना आसरा देणारी एक संस्था त्या शहरात होती. संस्थेची काही घरे शहरात होती, काही आसपासच्या गावांत. कोणती बाई कोणत्या घरात आहे, ही गोष्ट बाहेर कळता कामा नये, कारण शोधत येणारे नवरे, दीर आणि भाऊ नेहमीच हात जोडून येत नसत. अशा संस्थेचा सगळा कारभार एका जागी ठेवणारे ॲप ऋजुताने तयार केले. कोण कुठे राहते, कुणाचा दावा कोणत्या कोर्टात आहे, कुणाला कोणते औषध चालू आहे, या सगळ्याला त्यात जागा होती. संस्थेच्या प्रमुख वत्सलाताईंना ते पाहून भरून आले.

गुरुजींना मात्र भरून आले नाही. त्यांनी चष्मा वर सारला आणि विचारले, "दार कुठंय?"

"आहे की सर. पासवर्ड टाकल्याशिवाय उघडतच नाही."

"तो किती जणांना ठाऊक आहे?"

"संस्थेत सगळ्यांना. एकच आहे ना, सोपा पडावा म्हणून."

"मग ते दार नव्हे गं, ती कमान झाली. खालून कुणीही जावं."

ऋजुता खट्टू झाली, पण हार मानणारी नव्हती. आठवडा पुरा होण्याच्या आत तिने प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र पासवर्ड देऊन टाकला आणि ताठ मानेने ओट्यावर येऊन उभी राहिली. आता आत येणारा कोण आहे हे ॲपला नेमके कळत होते.

गुरुजी म्हणाले, "छान. ओळख पटली. लग्नघरात दाराशी उभा असलेला माणूस पाहुण्याला ओळखतो, 'या, या' म्हणतो, आत घेतो. पण पाहुणा ओळखीचा निघाला म्हणून कोठीघराची किल्ली त्याच्या हातात देतात का? नवरीचे दागिने ठेवलेल्या खोलीत त्याला सोडतात का?"

"नाही."

"का? तो चोर असतो का?"

"चोर नसतो. पण त्याचं तिथं काम नसतं."

"मग जा आणि कुणाचं कुठं काम आहे ते विचारून ये."

हे विचारणे वाटले तितके सोपे नव्हते. आपल्याकडे माणसाला 'तुझे इथे काम नाही' असे म्हणणे म्हणजे त्याचा अपमान करणे, अशी समजूत घट्ट बसलेली आहे. वत्सलाताईंनाच ते प्रथम लागले. "इथं सगळी घरचीच माणसं आहेत बाळा," त्या म्हणाल्या, "वर्षानुवर्षं जीव लावून राबलेली. त्यांना काय आता सांगू, की तुम्हाला हे दिसणार नाही नि ते दिसणार नाही?" ऋजुता गुपचूप स्वयंपाकघरात गेली.

तिथे गंगाक्का कणीक तिंबत होत्या. त्यांनी प्रश्न नीट ऐकूनही घेतला नाही. "नावं घेऊन मी काय करू? ताटं किती लागतात आणि कुणाचं मीठ कमी करायचं, एवढं सांग म्हंजे झालं." वकीलबाईंना फक्त आपल्या अशिलांची कागदपत्रे हवी होती. राहिले गाडी चालवणारे दस्तगीरभाई. ते वाईट वाटून घेतील अशी तिला भीती होती, म्हणून तिने फार आढेवेढे घेत विषय काढला. तर दस्तगीरभाईंनी सुटकेचा निःश्वासच सोडला.

"ताई, लई उपकार होतील," ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यात पानटपरीवर दोघांनी मला गाठलं. त्या अमक्या बाईला कुठं सोडलंस, म्हणून विचारत होते. मी माहीत नाही म्हटलं, पर मला माहीत होतं ना! तोंडावरनं कळतंय की माणसाला. खरंच माहीत नसतं, तर मी छाती काढून उभा राहिलो असतो. मला आजच्या फेरीचा पत्ता द्या. काल कुठं गेलो होतो ते पुसून टाका."

हे बोलणे ऋजुताने जाऊन वत्सलाताईंना जसेच्या तसे सांगितले. दस्तगीरभाईंना कुणी गाठले होते, हेच ताईंना ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, "कर बाई तुला करायचं ते."

पुढचे दिवस ऋजुता झपाटल्यासारखी काम करत होती. एका घराच्या समुपदेशक बाईंना दुसऱ्या घरातले दिसेना. विश्वस्तांना आणि सल्लागारांना केवळ आकडे दिसू लागले. किती जणी आल्या, किती जणी स्वतःच्या पायावर उभ्या राहून गेल्या, किती मुले शाळेत जातात, एवढेच. गुरुजीही संस्थेचे सल्लागार होते. त्यांचे नाव सल्लागारांत घालताना मात्र ऋजुताचा हात थांबला. ज्यांनी आपल्याला पहिली ओळ लिहायला शिकवले, त्यांना आपणच सांगायचे, की सर, तुम्हाला हे दिसणार नाही? तिच्या मनाला ते पटेना. म्हणून सर्व नियमांच्या आधी, अगदी वरती, तिने आणखी एक नियम लिहिला. येणारे जर गुरुजी असतील, तर काहीही न तपासता सर्व दारे उघडावीत.

हा नियम लिहिताना तिचा ऊर अभिमानाने भरून आला होता. देवळाच्या पायरीवर आपले नाव कोरावे, तसे तिने गुरूंचे नाव आपल्या कामाच्या माथ्यावर कोरले होते.

काम दाखवण्याचा दिवस ठरला. संस्थेची खरी माहिती अजून भरायची होती. आत सगळी नावे खोटीच होती. गुरुजींनी गंगाक्कांच्या नावाने प्रवेश करून पाहिला, दस्तगीरभाईंच्या नावाने पाहिला, एका विश्वस्तांच्या नावानेही पाहिला. जिथे उघडायला हवे तिथे उघडत होते आणि जिथे अडायला हवे तिथे अडत होते. त्यांची मान हळूहळू डोलू लागली.

"आता तुमच्या नावानं बघा ना सर," ऋजुता म्हणाली. तिला हसू आवरत नव्हते.

गुरुजींनी आपला पासवर्ड टाकला. समोर संस्थेची सगळी घरे, सगळ्या स्त्रिया, सगळे पत्ते उलगडले. त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिले, एकदा ऋजुताकडे पाहिले. मग ते उठले, खडू घेतला, आणि ओट्यावरच्या फळ्यावर, रस्त्याने जाणाऱ्यालाही वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, स्वतःचा पासवर्ड लिहून टाकला.

ऋजुताने धावत जाऊन तळहाताने तो पुसला. गुरुजींनी तो पुन्हा लिहिला.

"सर, हे काय करताय? कुणीही वाचेल!"

"वाचू दे. पासवर्ड माझा आहे."

"पण उद्या खरी माहिती भरायचीय!"

"मग उद्या भरू नकोस. जोवर तो वरचा नियम आहे, तोवर हे फळ्यावर राहणार."

ऋजुताचे डोळे भरले. राग आला होता आणि त्याहून अधिक लागले होते. "तो नियम मी काढणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर लिहिलाच नसता. तुम्ही तुमचा पासवर्ड कधी कुणाला सांगाल का? हा जो फळ्यावर लिहिलात, तो मला डिवचायला लिहिलात. एरवी तुमच्याकडून तो कुणी काढून तर दाखवावा!"

गुरुजी खाली बसले. खडूचे हात धोतराला पुसत ते म्हणाले, "अगं, तो काढायला चोर कशाला हवा? चोर आला तर मी काठी घेऊन उभा राहीन. कुणी दम दिला तर पोलिसांत जाईन. पण उद्या एखादा जुना स्नेही इथं येऊन बसला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, 'एवढंच बघून सांग,' तर माझ्याच्यानं नाही म्हणवेल? पंगतीत आग्रह झाला तर मला नको म्हणता येत नाही, पोट दुखेस्तोवर जेवून येतो मी. आपण सगळीच माणसं अशी आहोत. भिडेपोटी देऊन बसतो आणि मग रात्रभर कूस बदलत राहतो. तुझ्या दाराची सगळी थोरवी हीच, की त्याला भीड नाही. आणि तू काय केलंस, तर त्याच्या चौकटीत नेमका माझ्यासारखा भिडस्त माणूस बसवलास! मला मान द्यायचाय ना? मी आलो की उठून उभी राहा, खुर्ची दे, चहा दे. किल्ली देऊ नकोस. किल्ली ज्याच्या त्याच्या कामापुरती असते, आणि त्या बायका कुठं राहतात हे कळून माझं कुठलंही काम होत नाही."

ओट्यासमोरून सायकलवाले, दूधवाले, शाळेची मुले जात होती. एकदोघांनी फळ्याकडे पाहिलेही. मग ऋजुता लॅपटॉपपाशी बसली, तो वरचा नियम शोधला आणि पुसून टाकला. गुरुजींनी स्वतः प्रवेश करून पाहिला. आता त्यांना आकडे तेवढे दिसत होते.

"आणि तुझं गं?" त्यांनी विचारले.

ऋजुता दचकली. बनवणारी म्हणून तिने स्वतःसाठी सगळे मोकळे ठेवले होते आणि त्यात काही वावगे आहे असे तिच्या मनातही आले नव्हते. आपण उभारलेल्या घरात आपल्यालाच मज्जाव, ही कल्पना गिळणे गुरूंचे नाव पुसण्यापेक्षाही कठीण गेले. दुरुस्ती करायची वेळ आली तर काय, म्हणून तिने थोडा वाद घालून पाहिला. "दुरुस्ती खोट्या नावांवर करून बघता येते," गुरुजी म्हणाले. हे तिलाही माहीत होते. तिने आपलाही अधिकार काढून घेतला.

अखेर जे ठरले ते असे, की बाई ज्या घरात असेल तिथल्या समुपदेशक बाई आणि वत्सलाताई, यांच्यापलीकडे कुणालाही तिचा ठावठिकाणा दिसायचा नाही; दस्तगीरभाईंनाही त्या दिवसाच्या फेरीपुरताच. बाहेरच्या कुणाला काही कळवायचेच असेल तर त्याने निरोप ठेवावा. तो त्या बाईला पोचेल, आणि उत्तर द्यायचे की नाही ते तिने ठरवावे. दुसऱ्या दिवशी खरी माहिती भरली गेली आणि ॲप सुरू झाले.

पुढे काही महिन्यांनी, एका सकाळी, ऋजुता गुरुजींकडे बसली असताना बापूसाहेब आले. हे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, गुरुजींचे बालमित्र. गुरुजींच्या मोठ्या आजारपणात याच माणसाने इस्पितळात त्यांच्या उशाशी बसून दिवस काढले होते. आज त्यांचा चेहरा उतरलेला होता. पाण्याचा पेला त्यांनी तोंडाला लावला नाही.

"अरे, माझ्या पुतण्याची बायको," ते म्हणाले. "सुलक्षणा. घर सोडून गेली, तुझ्या त्या संस्थेत आहे म्हणतात. पोराला पश्चात्ताप झालाय रे. माझ्या पायाशी बसून रडला. तिला माझ्याबद्दल माया आहे, मी नुसता समोर जाऊन उभा राहिलो तरी ऐकेल. कुठल्या घरात आहे तेवढं बघून सांग. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही मी."

ऋजुता गुरुजींकडे पाहत होती. त्यांचे डोळे ओले झाले होते. त्यांनी मित्राच्या हातावर हात ठेवला, मग तो काढून घेतला, आणि लॅपटॉप पुढे ओढला. ते शिकवण्यासाठी काही करत नव्हते. ते खरोखरच शोधत होते.

आकडे दिसले. गुरुजींनी पत्त्यांच्या पानावर बोट ठेवले. स्क्रीनवर ओळ उमटली: 'आपल्याबद्दल पूर्ण आदर आहे. ही माहिती पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही.'

गुरुजींनी ती ओळ वाचली आणि स्क्रीन बापूसाहेबांकडे वळवला. बापूसाहेबांनीही वाचली. मग ते ऋजुताकडे वळले. "बाळ, हे तू बनवलंस ना? तुला तर दिसत असेल."

"नाही काका," ऋजुता म्हणाली. "मलाही दिसत नाही."

हे सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली. दस्तगीरभाई छाती काढून उभे राहण्याबद्दल काय म्हणाले होते, ते तिला आत्ता उमगले. ती काही लपवत नव्हती. तिच्यापाशी देण्यासारखे काही नव्हतेच, आणि म्हणून तिला त्या थोर माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येत होते. "तुम्ही निरोप ठेवा," ती म्हणाली. "तो नक्की पोचेल. भेटायचं की नाही ते सुलक्षणाताईच ठरवतील."

बापूसाहेब दुखावले गेले होते. तरी त्यांनी निरोप सांगितला आणि ऋजुताने तो पाठवला. ते जड पावलांनी ओटा उतरले. कोपऱ्यावर एक जीप उभी होती, ती ऋजुताला तेव्हा दिसली. बापूसाहेब तिथे पोचताच आतून त्यांचा पुतण्या उतरला, मागोमाग दोन आडदांड माणसे उतरली. बापूसाहेबांनी मान हलवली. पुतण्याने जीपच्या दारावर मूठ आपटली आणि ज्याच्या पायाशी बसून रडला होता, त्या चुलत्याला भर रस्त्यात अशी शिवी हासडली, की समोरचा दुकानदार बाहेर आला. जीप धुरळा उडवत निघून गेली. बापूसाहेब जागच्या जागी उभे राहिले.

ऋजुता त्यांना हाताला धरून परत घेऊन आली. या खेपेस ते पाणी प्यायले. "मी त्यांना तिच्या दारात नेऊन सोडलं असतं," ते म्हणाले. "मी. ह्या हातांनी."

"आणि मी तुला पत्ता वाचून दाखवला असता," गुरुजी म्हणाले. "आपण दोघंही चांगली माणसं आहोत बापू. तिला आपल्यापासूनच जपायला हवं होतं."

काही दिवसांनी निरोपाचे उत्तर आले. 'काका, मी सुखरूप आहे. पुन्हा शिकायला लागले आहे. भेट नको, पण तुमची आठवण येते.' बापूसाहेबांनी ते ऋजुताकडून दोनदा वाचून घेतले आणि कुठे असते ते पुन्हा कधी विचारले नाही.

गुरुजींचे मात्र वेगळेच सुरू झाले. लोक घरी आलेल्याला नातवंडांचे फोटो दाखवतात. हे लॅपटॉप उघडायचे, पत्त्यांच्या पानावर बोट ठेवायचे, आणि नकाराची ती ओळ उमटली की आलेल्याकडे विजयी मुद्रेने पाहायचे. एका सायंकाळी ऋजुता ओट्याच्या पायऱ्या चढत होती, तर आत कुणी नवे गृहस्थ बसले होते आणि ते संकोचून म्हणत होते, "तुम्हाला अडवलं, आणि तुम्ही हसताय?"

"आयुष्यभर शेकड्यांनी विद्यार्थी शिकवले हो," गुरुजी म्हणत होते. आवाज भरून आला होता आणि तो लपवण्याचे त्यांनी कष्टही घेतले नाहीत. "सगळ्यांनी मला वाट करून दिली. मला अडवण्याइतकं शिकली, ती ही एकटीच."

ऋजुता पायरीवरच थांबली. आयुष्यात इतका मोठा मान तिला कुणी दिला नव्हता. तिने डोळे पुसले, पदर नीट केला आणि आत गेली. गुरुजी बसल्या जागेवरून उठून उभे राहिले.